चोरालाच विचारले

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, मी आमच्या शाळेतले ३० संगणक नव्याने उभे केले. सारी पंगत तारेवरूनच वाढली. मौज अशी, की यंत्रांना पहिला घास भरवणारी टीएफटीपी पद्धत ना परवलीचा शब्द मागते, ना ओळख. म्हणून प्रत्येकाला मूळ फायलींचा एसएचए-२५६ ठसा विचारला : ६४ अक्षरांचा, एक बिट हलला तरी पार पालटणारा. तिसांनीही बिनचूक सांगितला!

पहाटे तेल लावताना ही म्हणाली, "अहो, पण चोरालाच विचारलंत ना, तू चोर का म्हणून?"

न्हाऊन तसाच शाळेत गेलो. घरच्या पेनड्राइव्हवरून एकेक यंत्र चालू केले. त्याची स्वतःची प्रणाली निजलेलीच ठेवून तबकडी तपासली. सतराव्याचा ठसा माझ्या वहीतल्याशी जुळेना. त्याची तार उपटली, आणि मग फराळाला घरी आलो.