टाकींतला पंप

घरांत एक तरुण मुलगा आणि एक जुनी मोटार एकत्र नांदूं लागलीं, म्हणजे घरच्या वडील माणसांस यंत्रशास्त्राचें शिक्षण आपोआप मिळूं लागतें. आमचें शिक्षण माळशेज घाटांत सुरू झालें. ज्या रीतीनें तें झालें, ती रीत मात्र आम्ही वैऱ्यालाही सुचविणार नाहीं.

बदलापुराहून आम्ही लेण्याद्रीच्या गणपतीस निघालों होतों. गाडी पुतण्याची, २००४ सालीं भारतांत विक्रीस आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस. या जातीची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिची मूळची शक्ति दीडशें अश्वांची. परंतु मधल्या एका मालकानें तिच्या संगणकांतील आंकडे बदलून ती दोनशेंच्या घरांत नेली होती. मागच्या बैठकीवर आमची आई, वय वर्षें ब्याऐंशी, व तिच्या शेजारीं आमच्या वहिनी. चढणीवर भाजीच्या एका टेम्पोला मागें टाकण्यासाठीं चिरंजीवांनीं पाय दाबला. गाडी उसळली, टेम्पोच्या बरोबरीस आली, आणि नेमक्या त्या क्षणीं तिचा जीव गेला. इंजिन चालू, पण ओढ नाहीं. धक्के देत ती टेम्पोच्या कडेनें रेंगाळूं लागली, आणि समोरच्या वळणावर एस. टी. ची लाल गाडी दिसली. टेम्पोवाल्यानें वेळींच गति आवरून आम्हांस वाट दिली, म्हणून हा लेख लिहितां येत आहे. आई कांहीं बोलली नाहीं. तिच्या हातांतली दूर्वांची जुडी मात्र पार चुरगळून गेली होती.

घरीं येतांच पुतण्याचें निदान तयार होतें. "काका, पंप लहान पडतोय. मोठा बसवूं या."

पंप म्हणजे रस्त्यावरचा नव्हे, हें आमच्यासारख्यांसाठीं सांगितलें पाहिजे. पेट्रोलच्या टाकींत मुठीएवढें एक विजेचें यंत्र बुडवून ठेवलेलें असतें. तें पेट्रोल दाबानें इंजिनाकडे धाडतें, आणि तेंच पेट्रोल त्याला थंडही ठेवतें. म्हणून टाकी नेहमीं तळाला आणणाऱ्यांचे पंप लवकर मरतात. इंजिनाचा संगणक फवारे किती वेळ उघडे ठेवावयाचे एवढेंच ठरवितो. दाब पुरेसा आहे असें तो बिचारा धरून चालतो. दाब पडला, कीं तेवढ्याच वेळांत पेट्रोल कमी येतें, हवा मात्र तितकीच राहते, आणि असें रोडावलेलें मिश्रण फार तापून, अवेळीं भडकून जळतें. टर्बोच्या गाडींत हवा कोंबून भरलेली असते. तेथें हा प्रकार थोडा वेळ चालला तरी दट्ट्याला भोंक पडूं शकतें. म्हणजे मोठा पंप गाडीची शक्ति वाढवीत नाहीं. वाढवून ठेवलेल्या शक्तीपायीं इंजिन जळूं नये, एवढेंच त्याचें काम. ही गोष्ट पुतण्याच्या मित्रमंडळींतल्या निम्म्या वीरांस ठाऊक नव्हती, असें आमच्या ध्यानांत आलें.

पण मोठा म्हणजे केवढा? चिरंजीवांनीं आम्हांस विचारण्यापूर्वींच ताशीं २५५ लिटरांचा पंप टपालानें मागविलाही होता. आम्हीं कागद घेतला. टर्बोच्या इंजिनाला भर जोरांत दर अश्वशक्तीमागें ताशीं सुमारें २७० ग्रॅम पेट्रोल धरण्याची वहिवाट आहे. दोनशें अश्वशक्तीला ५४ किलो झालें. लिटराचें वजन पाऊण किलोच्या किंचित् आंत, म्हणजे सुमारें ७३ लिटर. शिवाय हल्लीं गाडींत पडणारें पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचें असतें, आणि इथेनॉलला जळण्यास हवा कमी पुरते. अर्थात् तितक्याच हवेला इंधन अधिक लागतें. त्यासाठीं सात-आठ टक्के वाढवून ७९ लिटर. वर पाव हिस्सा पंपाच्या पुढील म्हातारपणासाठीं ठेवला, तरी शंभरांत भागतें.

"मग २५५ कशाला रे?"

"जास्त असलेलं बरं ना, काका!"

पंगतीच्या भाताला हा न्याय लागू आहे, पंपाला नाहीं. इंजिनाला नको असलेलें पेट्रोल आमच्या गाडींत परतीच्या नळीनें पुन्हां टाकींत येतें आणि असें फिरून फिरून तापतें. पंप वीजही अधिक खातो. परतीची नळी अरुंद असली, तर गाडी नुसती उभी असतांना दाब नको तितका चढतो, तो निराळाच. शिवाय खोक्यावरचा आंकडा कोणत्या दाबाचा, हाही प्रश्न आहेच. आमच्या विहिरीवरच्या मोटारीनें तो आम्हांस पूर्वींच शिकविला होता. जमिनीवर बादली भरतांना ती जेवढें पाणी देते, त्याच्या निम्मेंही गच्चीवरच्या टाकींत पडत नाहीं. उंची वाढली कीं धार घटते. गाडींत उंचीच्या जागीं दाब. आमच्या गाडींत तो एरवीं सुमारें ३ बार असतो, आणि टर्बोनें हवेचा दाब १ बार वाढविला कीं पेट्रोलचा दाबही ४ वर गेला पाहिजे. तेव्हां ४ बारवर किती लिटर, एवढेंच विचारावयाचें.

टपालाचें खोकें आलें. मोहोर शाबूत, छपाई सुरेख. तरी जोडीचें रबर व नळ्या घ्यावयाच्या म्हणून तें बरोबर घेऊन आम्ही दोघे उल्हासनगरास गेलों. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस येथील लष्करी छावणींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. पण जुनी माणसें अजून कॅम्पांचे आंकडेच सांगतात. या गांवच्या नकली मालावर 'मेड इन यू. एस. ए.' ची जी थट्टा चालते, ती आम्हींही पुष्कळदां केली आहे. त्या दिवशीं ती आमच्यावर उलटली. दुकानदार सत्तरीचे होते. त्यांनीं पंप हातांत तोलला, चष्मा कपाळावर चढवून धातूवरचीं अक्षरें पाहिलीं आणि तो हलकेच परत ठेवला.

"काका, हा नकली आहे. असा माझ्याकडेपण आहे. पण मी नकली म्हणूनच विकतो, आणि तुमच्या या गाडीला देणार नाही."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. दुकानदारांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हीं वहींत टिपली आहे. टाकीच्या आंत बुडून राहणारी रबरी नळी वेगळ्या जातीची असते. बाहेर वापरावयाची साधी नळी पेट्रोलांत बुडवून ठेवली तर फुगते आणि फाटते. ही नळी चार बोटें लांब, पण तिच्यापायीं पुष्कळ नवे पंप फुकट जातात.

तरीही पुतण्याची खात्री पटेना, म्हणून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील एका परिचित कारागिराकडे आम्ही गेलों. त्यानें उघड्या आवारांत, बंद डब्याला नळी जोडून, मधें दाबमापक लावून पंप अर्धा मिनिट चालविला. दाब नसतांना १ लिटर ६०० मिली. ४ बारवर अवघे ७०० मिली, म्हणजे ताशीं ८४ लिटर. नवा असतां ही गत. म्हातारपणासाठीं पाव हिस्सा तर दूरच. मग त्यानें गाडी चालू करून जुन्या पंपाच्या टोकाशीं विजेचा मीटर धरला. बॅटरीपाशीं १३.८ व्होल्ट, पंपापाशीं ११.२! वीस वर्षांच्या बारीक, काळवंडलेल्या तारेनें वाटेंतच वीज गिळली होती. घाटांतला निम्मा अपराध त्या तारेचा होता. नवा पंप घेऊन तीच तार ठेवली असती, तर पैसे जाऊन दुखणें राहिलें असतें.

सरतेशेवटीं बॅटरीपासून पंपापर्यंत स्वतंत्र जाड तार, तिला रिले व फ्यूज. आणि ताशीं १९० लिटरांचा, इथेनॉल सोसणारा पंप, ज्याचा ४ बारवरचा आंकडा निर्मात्यानें छापून दिला आहे असा. कायद्याचेंही सांगून टाकतों. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. म्हणून पूर्वीच्या मालकाच्या करामतीसह सर्व हकीकत परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस लेखी कळविल्याशिवाय कामाला हात लावूं नये, ही आमची अट होती. चिरंजीव दोन दिवस फुरंगटून बसले, मग लिहिलें.

बसविण्याचें काम आमच्या अंगणांतच झालें. टाकींत पेट्रोल पाव भागाहून कमी ठेवलें. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालविलें, म्हणजे नळ्यांतला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. मागची बैठक उचलली कीं खालीं झांकण दिसतें. तें उघडलें आणि पेट्रोलचा वास सबंध अंगणांत दरवळला. जुन्या पंपाची जाळी गाळानें काळी पडली होती, रबरी कडें चिरलें होतें. कडें नवें घातलें. मोजणीचा तरंगता गोळा वांकूं न देतां सगळें परत बसवितांना कारागिराला तिन्हीसांजा झाल्या. वहिनी तुळशीपुढें लावावयाचें निरांजन घेऊन दारांत आल्या. आम्ही ओरडलोंच. आयुष्यांत वहिनींवर आवाज चढविण्याची आमची ती पहिलीच वेळ. त्या उंबऱ्यावरूनच मागें फिरल्या, आणि आईनें आंतून विचारलें, "आज दिवा नाहीं का?" झांकण घट्ट बसून, वास पार निवळून, किल्ली दोनतीनदां फिरवून कोठें थेंबही गळत नाहीं हें पाहीपर्यंत आठ वाजले. तोंपर्यंत तुळस अंधारांत होती. वहिनींची क्षमा आम्हीं दुसऱ्या दिवशीं मागितली.

पुढच्या संकष्टीला पुन्हां माळशेज. समोरच्या पट्टीवर दाबमापक लावला होता. विजेच्या तारेवर चालणारा, कारण पेट्रोलची नळी माणसें बसतात तेथें आणणें म्हणजे वेडेपणा. मिश्रण मोजणारा दुसरा मीटर पुतण्याच्या मित्राच्या मांडीवर. आईनें येण्याचा हट्ट धरला होता. नवस अर्धा राहिला होता म्हणे. भर चढणीवर गाडी जोरांत निघाली, आणि आम्हीं तो कांटा सोडून दुसरीकडे पाहिलें नाहीं. आईही मागून तिकडेच पाहत होती.

"काय रे," ती म्हणाली, "तुझं हें घड्याळ बंद पडलंय का? चढण लागल्यापासून चारच वाजलेत."