तिका कितें उणें आशिल्लें?

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर टीव्हीवर 'कभी अलविदा ना कहना' लागला होता. मी चॅनल बदलणार तोच बायको म्हणाली, "राहू दे."

हा चित्रपट आम्ही २००६ च्या ऑगस्टमध्ये पणजीच्या आयनॉक्समध्ये पाहिला होता. लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते. बरोबर आईसुद्धा होती. करण जोहर, शाहरुख, राणी, अमिताभ अशी नावं म्हटल्यावर सगळ्या घराने मिळून बघण्यासारखाच असणार, अशी आमची भाबडी समजूत! तीन तासांहून लांबलेला तो चित्रपट संपला तेव्हा आई गप्प होती. नंतर कदंबच्या स्टँडवर बसची वाट पाहताना एवढंच म्हणाली, "तिका कितें उणें आशिल्लें?"

ती म्हणजे माया. न्यूयॉर्कमध्ये राहणारी शिक्षिका. नवरा ऋषी उमदा, हसरा, तिच्यावर जीव टाकणारा. दुसरीकडे देव, पाय जायबंदी झाल्यामुळे फुटबॉल सुटलेला खेळाडू. त्याची बायको रिया मासिकात मोठ्या हुद्द्यावर, घर तिच्या कमाईवर चालतं. देवची कडवट जीभ सगळ्यांवर चालते. फुटबॉल सोडून व्हायोलिन वाजवणाऱ्या स्वतःच्या लहान मुलालाही तो सोडत नाही. ही दोघं आधी एकमेकांचे संसार सावरायला म्हणून भेटू लागतात आणि त्यातच गुंततात.

तेव्हा मला आईचंच पटलं होतं. आम्ही जत्रेतली नाटकं बघत वाढलेले. 'एकच प्याला'तली सिंधू दारुड्या नवऱ्यासाठी झिजून मरते आणि मांडवातल्या बायका पदराने डोळे टिपतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. हिंदी सिनेमाची रीतही ठरलेली. घर मोडायचं तर नवरा तरी दुष्ट हवा, नाहीतर शेवटी माणूस घरी परतायला हवा. १९८१ च्या 'सिलसिला'त अमिताभ बायकोकडे परततोच ना! इथे ऋषी आणि रिया, दोघांचीही चूक दाखवता येत नाही, आणि तरी दोन्ही घरं मोडतात. प्रेक्षकाने राग काढायचा कुणावर?

पण परवा चित्रपट पाहताना मधे माझी बावीस वर्षांची नोकरी उभी होती. मी नागरी नोंदणी कार्यालयात कारकून आहे. आपल्या गोव्यात लग्नाची सही आमच्या पुस्तकात होते, आणि कोर्टाने घटस्फोट दिला की त्याची नोंदही त्याच पानावर, समासात केली जाते. पोर्तुगिजांच्या १९१० च्या कायद्याने परस्परसंमतीने घटस्फोटाची वाट दिली. हिंदू विवाह कायद्यात ती १९७६ साली आली. म्हणजे आपल्याकडे ही सोय आजोबांच्या काळापासूनची. सोय असली म्हणून माणसं सहज येतात असं मात्र नाही. समासात नोंद करताना मीही पूर्वी मनात आईचाच प्रश्न विचारायचो. दोघं शिकलेली, नोकरीतली, घरदार असलेली. काय कमी होतं? हुकूमनाम्यात तारीख असते, न्यायालयाचं नाव असतं. याचं उत्तर नसतं.

चित्रपटात अमिताभ ऋषीचा बाप झाला आहे. रंगेल म्हातारा, त्याचे विनोद कधीकधी थिल्लर वाटतात. पण रुग्णालयात मरणाच्या दारात तो सुनेला सांगतो, माझ्या मुलाला सोड. अर्धवट प्रेमाने तू स्वतःला फसवते आहेसच, पण त्याला पूर्ण प्रेम मिळण्याची वाटही अडवून बसली आहेस. २००६ साली हे ऐकून मला संताप आला होता. सासरा असं बोलतो? परवा वाटलं, अख्ख्या चित्रपटात मुलाचं खरं हित यानेच पाहिलं.

असो. आता जे सांगायचं होतं ते सांगतो.

२०१३ साली माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. त्याच बसने आमच्याच कार्यालयातल्या एक बाई यायच्या. आधी नाटकांवर, पुस्तकांवर बोलणं झालं, मग घरच्या कटकटींवर. घडलं काहीच नाही. पण एके दिवशी लक्षात आलं की दिवसभरात काही मजेशीर झालं तर ते मी दुसऱ्या दिवशीच्या बससाठी राखून ठेवतो आहे. घरी बायकोने "काय विशेष?" विचारलं की "काही नाही". बायकोत काय उणं होतं? काहीही नाही! मी अर्ध्या तासाने आधीची बस धरू लागलो, पुढे बदलीही झाली. घरी मात्र एक अक्षर बोललो नाही.

परवा पडद्यावर देव आणि माया रेल्वे स्टेशनवर बोलत होते आणि माझ्या तोंडून ते सगळं निघून गेलं. बारा-तेरा वर्षांनी! बायको टीव्हीकडेच पाहत होती. म्हणाली, "नाव माहीत नव्हतं. पण कुणीतरी आहे हे कळलं होतं. तुम्ही घरी येऊन बोलायचे बंद झाला होता."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही हो म्हणाला असता तर?"

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आई त्या दिवशी बसस्टँडवर विचारत होत्या ना, तिला काय उणं होतं म्हणून. मला तेव्हाच सांगावंसं वाटलं होतं की ते तिलाच विचारायला हवं. पण नवी सून, काय बोलणार?"

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिला तरी कधी कुणी विचारलं होतं का, कोण जाणे. मी तर नाहीच.

चित्रपट संपायच्या आधीच बायकोने टीव्ही बंद केला आणि चहा ठेवला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. झोपायला दीड वाजला. दुसऱ्या दिवशी दोघांनाही कामावर उशीर झाला.