बदलण्याआधी मोजा

जुनी जीप घरी दुरुस्तीला घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: इंजिन बदला, स्टेअरिंग बदला, बॉडी तर नवीच चढवा. सल्ल्यामागचा हेतू वाईट नसतो. नवा भाग टाकला की काम लवकर उरकतं आणि मेकॅनिकवर ठपका येत नाही. माझं मत मात्र याच्या उलट आहे. जुनी गाडी उभी करताना खरं कसब लागतं ते काय बदलायचं नाही हे ठरवायला. हा निर्णय मोजमापाशिवाय घेता येत नाही, आणि मोजमापाला लागणारी सवड गॅरेजपेक्षा घरच्या अंगणात जास्त मिळते. गॅरेजवाल्याला संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करायची असते. घरी गाडी महिनाभर ठोकळ्यांवर उभी राहिली तरी कुणाचं अडत नाही. म्हणून इंदूरच्या गर्दीपासून दूर, गौतमपुऱ्यासारख्या गावात हे काम अधिक नीट होऊ शकतं.

महिंद्रांनी विलीजच्या परवान्यावर वर्षानुवर्षं बनवलेली सीजे-3बी घ्या. 1953 साली अमेरिकेत आलेल्या या मॉडेलचं बॉनेट उंच आहे, कारण आतल्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. हेडची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर गेलं. बोअर 79.4 मिलिमीटर, स्ट्रोक 111.1. एवढ्या लांब स्ट्रोकचं इंजिन पळण्यासाठी नसतं, कमी फेऱ्यांवर दमानं ओढण्यासाठी असतं. माळव्याची काळी माती पावसात चाकाला लगडते तेव्हा नेमकी हीच ओढ कामाला येते. पेट्रोल महागलं तसं अनेक जीपमधलं हे इंजिन उतरवून डिझेल बसवलं गेलं. इंधनाचा खर्च वाचला, हे खरं. पण जड इंजिनाचा भार पुढच्या कमानपाट्यांवर आला, थरथर वाढली आणि माउंटिंगवर ताण पडू लागला. एक भाग बदलला की शेजारच्या भागांचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो, तो बहुधा कुणी मांडत नाही.

आता पुढची चाकं थरथरण्याची तक्रार बघू. जुन्या जीपमध्ये ती नेहमीचीच, आणि तिच्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे स्टेअरिंग बॉक्स बदलणं. त्याआधी पुढचं चाक जॅकवर उचलावं, टायर वर आणि खाली अशा दोन ठिकाणी हातांनी धरून हलवून बघावा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही उरला तर किंगपिनचा. किंगपिनच्या टोपणाखाली कागदासारख्या पातळ शिम असतात. बेअरिंगवर खड्डे पडलेले नसतील तर एखादी शिम काढून खेळ घालवता येतो. मग टाय-रॉडची टोकं आणि चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवरचं बेल क्रँकचं बुश तपासावं. एवढं झाल्यावर स्टेअरिंग बॉक्सची पाळी येते, आणि पुष्कळदा तो ठणठणीत निघतो. गंजाचंही तसंच. काळी माती चासीच्या पोकळीत जाऊन बसते, उन्हाळ्यात वाळते, दर पावसाळ्यात पुन्हा ओल धरते आणि पत्रा आतून खाते. वरून चासी धडधाकट दिसते. माती पूर्ण धुऊन काढून लहान हातोडीनं इंचाइंचावर ठोकत गेलं की खणखणीत आणि बद्द आवाजातला फरक कळतो. जिथे बद्द वाजतं तेवढाच तुकडा कापून तितक्याच जाडीचा पत्रा जोडावा. अख्खी चासी टाकून द्यायची वेळ क्वचितच येते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. या जीपच्या चारही चाकांना एकाच सर्किटचे ब्रेक. एक होज फुटला तर चारही ब्रेक जातात. म्हणून ब्रेकचे रबरी कप, होज, पाइप, पेट्रोलची नळी, वायरिंग आणि टायर न विचारता नवे घालावेत. रबर वयानं मरतं आणि त्याचं उरलेलं आयुष्य अंगणात मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते बदलावं. माझ्या म्हणण्याचीच ही दुसरी बाजू आहे. दुसरा आक्षेप असा की घरी सगळं होत नाही. बरोबर आहे. क्रँक ग्राइंड करणं, ब्लॉक बोअर करणं ही इंदूरच्या मशीन शॉपचीच कामं. मात्र तिथे जाताना आपण घेतलेली मापं कागदावर लिहून न्यावीत, म्हणजे किती काढायचं ते आपल्याला ठरवता येतं. सुटे भाग मिळत नाहीत, हा तिसरा आक्षेप. सीजे-3बी इतकी वर्षं बनत राहिली की तिचे भाग अजून सापडतात. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निस्सानच्या परवान्यावर बनलेल्या जोंगाचं तसं नाही. पण भाग दुर्मीळ असेल तर तो वाचवण्याची गरज वाढते. टाकून देण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. नोंदणीतला तपशील आणि निर्मात्याची मूळ रचना यांत तफावत पडेल असा फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, तीही चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नसतील तरच. म्हणून पहिला पाना उचलण्याआधी चासी आणि इंजिनाचे नंबर आरसीशी ताडून घ्यावेत. त्यानंतर प्रत्येक भागापुढे तोच प्रश्न ठेवावा: हा खरोखर गेला आहे, की नुसता जुना झाला आहे? याचं उत्तर अंदाजानं देणारा माणूस जीपच्या नावाखाली दुसरीच गाडी बांधतो. मोजून उत्तर देणाऱ्याकडे मूळची जीप राहते, आणि पुढच्या बिघाडाला कुठे हात घालायचा हेही त्याला ठाऊक असतं.