हरवलेले मिलिमीटर

माझे गुरुजी पोथ्या मोजीत. दक्षिणेतल्या एका जुन्या संग्रहातील मराठी पोथ्यांची लांबी-रुंदी त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या पत्रिकांवर सेंटिमीटरांत, एका दशांश स्थळापर्यंत, टिपून ठेवली होती. त्यांच्या पश्चात ती सामग्री संगणकावर चढविण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. व्याकरण शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने मायएसक्यूएलच्या वाटेला जाऊ नये, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही.

पहिली अडचण लिपीची. ‘२४.६’ असे देवनागरी अंक घालताच ‘दशांश मूल्य चुकीचे’ म्हणून नोंद परत आली. आमचे अंक त्याच्या लेखी निव्वळ अक्षरे. इंग्रजी अंक घातले, तक्रार थांबली, आणि मी निर्धास्त झालो.

घात तेथेच झाला. रकान्याचा प्रकार मी नुसता ‘डेसिमल’ असा लिहिला होता. एकूण अंक किती आणि त्यांपैकी बिंदूनंतर किती, हे न सांगितल्यास ते १० आणि ० असे धरले जातात. म्हणजे डेसिमल म्हणविणाऱ्या रकान्यात दशांशाला जागाच नाही! (नियम पुस्तिकेत छापलेला आहे; मी वाचला नव्हता.) २४.६ चे २५ झाले, २५.४ चेही २५ झाले. मागे उरते ती एक टीप, आणि ती मी कधी उघडून पाहिली नाही. साडेतिनाला ‘औट’ असा स्वतंत्र शब्द देऊन त्याचा पाढा घोकविणाऱ्या भाषेच्या पोथ्या त्या!

या २५ च्या बळावर मी एका व्याख्यानात दोन खंडित पोथ्या मूळच्या एकच, असे प्रतिपादन केले. “सर, एकाही पोथीची लांबी अपूर्णांकात कशी नाही?” असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा पत्रिका काढल्या. दोहोंत आठ मिलिमीटरांचे अंतर गुरुजींच्या हातचे स्वच्छ लिहिलेले होते.

विद्यार्थ्याने ‘फ्लोट’ सुचविला. चार नोंदी करून पाहिल्या. द्विमान पद्धतीत २४.६ नेमके मावत नाही, जवळची संख्या ठेवली जाते, त्यामुळे २४.६ शोधू जाता एकही पोथी सापडेना. अखेर डेसिमलच, पण ५ अंकांचा, बिंदूनंतर १ असा केला. गेलेले दशांश अर्थातच परतले नाहीत. प्रत्येक २५ आता २५.० असे, अधिकच ठामपणे, दिसू लागले.

पत्रिकांवरून सारे पुन्हा भरले. ३१ पत्रिका वाळवीने नेल्या आहेत. ते रकाने रिते ठेवून, येत्या डिसेंबरात पट्टी घेऊन त्या संग्रहात जावयाचे मी ठरविले आहे.