कानामागून आले नि तिखट झाले

एखादी वस्तू विकत घेण्याला फारशी बुद्धी लागत नाही. इच्छा आणि खिसा यांचे क्षणभर एकमत झाले म्हणजे पुरते. घरातली वस्तू विकण्याला मात्र तत्त्वज्ञान लागते. आपण ती का आणली, तिने आपल्याला काय दिले आणि ती गेल्यावर आपण तिची आठवण काढू की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी स्वतःला द्यावी लागतात. गेले दोन महिने शिरूरच्या माझ्या घरी हीच प्रश्नोत्तरे चालली होती आणि त्यांचा विषय होता कानात घालायचे तीन जोड.

'कानात घालायचे' म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढे कुडी, बुगडी किंवा भिकबाळी उभी राहील. माझे जोड दागिन्यांइतकेच डबीत जपलेले असले, तरी ते संगीत ऐकण्याचे इअरफोन आहेत. शौकीन मंडळी त्यांना 'इन-इअर मॉनिटर' म्हणतात. मुळात ही सोय रंगमंचावरच्या कलावंतांची. भोवतीच्या गदारोळात वादकाला आपले वादन नीट ऐकू यावे म्हणून 1995 साली जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ड्रमवादकासाठी असा एक जोड घडविला. पुढे कलावंतांची ही सोय श्रोत्यांची हौस झाली. आणि हौस कधी एकावर भागली आहे?

माझा पहिला जोड साधा. त्यात एकच पडदा थरथरतो. त्याचा खर्ज भारदस्त आणि स्वभाव सौम्य. दुसरा प्रवासातला, स्वस्त आणि निर्भय. हरवला तरी झोप उडणार नाही असा. तिसरा सर्वांत नवा. धातूच्या चकचकीत कवचात त्याने चार-चार ध्वनियंत्रे दाटीवाटीने बसविलेली, आणि त्याची तार कानावरून मागे वळवून घ्यावी लागते. 'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. पण ती इतक्या शब्दशः खरी होईल असे वाटले नव्हते. कारण या जोडाचे वरचे स्वर खरोखरच तिखट आहेत.

निकालासाठी मी दोन साक्षीदार बोलावले. पहिली, अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका. खाँसाहेब 1937 साली निवर्तले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांतून, खरखरीच्या पडद्याआडून. तिखट जोडाने आधी खरखर ऐकविली आणि मग खाँसाहेब; सौम्य जोडाने खरखर उंबऱ्याबाहेर बसविली आणि खाँसाहेबांना आत घेतले. दुसरा साक्षीदार अलीकडच्या ध्वनिमुद्रणातला तंबोरा. तारेखाली घोडीवर दोरा सरकवून मिरजेचे कारागीर जी जवारी साधतात, तिचा तो मधमाश्यांसारखा गुंजारव! येथे सौम्य जोड मुका झाला आणि तिखट जोडाने प्रत्येक तारेचे तेज वेगळे दाखविले. साक्षीदार दोन आणि साक्षी परस्परविरुद्ध. न्यायाधीशाने करावे तरी काय?

शिवाय हा न्यायाधीशही निःपक्षपाती नसतो. दोन जोडांपैकी एक किंचित मोठ्याने वाजला तर तोच सरस वाटतो. म्हणून आवाज आधी काटेकोर सारखा करून घ्यावा लागतो. रबरी बोंडी नीट बसली नाही तर खर्ज गळून जातो आणि दोष मात्र यंत्राच्या माथी येतो. आणि ध्वनीची सूक्ष्म स्मृती तर काही क्षणांचीच असते. काल ऐकलेल्या स्वराशी आजच्या स्वराची तुलना करणे म्हणजे काल वाहून गेलेले घोडनदीचे पाणी आजच्या पाण्याशी ताडून पाहणे.

अखेरीस मी तिन्ही डब्या पिशवीत घातल्या आणि दौंडची एस.टी. धरली. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेवाचून करमत नाही. तेथे माझे एक जुने स्नेही राहतात. त्यांची सारी नोकरी इंजिनांच्या सहवासात गेली. त्या सहवासाने त्यांना निवृत्तिवेतन दिले आणि कानांचे थोडे काढून घेतले. सततच्या गोंगाटाने कान बिघडतो तो सगळा एकदम नाही. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे स्वर प्रथम बुजतात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श', 'त' ही व्यंजने निसटतात आणि लोक पुटपुटतात असे वाटू लागते. स्नेही मूळचे भजनात रमणारे. अलीकडे मात्र ते मंडळीत बसत, पण टाळ हातात घेत नसत. कारण मी कधी विचारले नव्हते.

त्यांनी तिन्ही जोड कानाला लावले. पहिल्या दोहोंना नुसती मान हलविली. तिसरा घातला, भजन सुरू झाले आणि ते एकाएकी ताठ बसले.

"अरे, यात टाळ आहे!" ते म्हणाले. "टाळाला कडा आहे. कित्येक वर्षांत मला नुसता त्याचा धक्का कळत होता."

माझ्या कानाला जे टोचत होते, ते त्यांच्या कानाला जेमतेम पुरत होते. त्या चकचकीत कवचातली ध्वनियंत्रे ज्या जातीची आहेत, ती जात बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत आधीपासून राबत आली आहे, हे मला माहीत होते. तिचा अर्थ त्या दिवशी समोर बसलेला दिसला. उत्तम जोड कोणता, या प्रश्नाला कानाचे नाव घातल्याखेरीज उत्तरच नाही.

मी तो जोड तसाच ठेवून घ्या म्हणालो. ते ऐकेनात.

"भेट नको. भेट दिलेली वस्तू तुझीच राहते. मी ती बिचकत वापरीन. विकत दे, म्हणजे माझी होईल."

चौदा हजारांचा जोड मी पाच सांगितला, त्यांनी दहा सांगितले. विकणारा खाली ओढतो आणि घेणारा वर, असा उलटा बाजार होऊन आठ हजारांवर सौदा मिटला. मी एकच अट घातली : आवाज बेताचा ठेवायचा. ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे; उरलेला कान गमावण्याइतके कोणतेही भजन गोड नसते. आणि एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचे, हेही मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. संगीताचा जोड श्रवणयंत्राचे काम करीत नाही.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी डब्या मोजल्या. "अहो, वय झाले की वरचे स्वर सगळ्यांचेच जातात म्हणता ना? मग उद्या तुम्हाला तो तिखट जोड लागला तर?"

"तर दौंडला जाईन," मी म्हणालो, "आणि ते सांगतील त्या भावाने परत मागेन."

"ते देतील?"

नाही दिला तर मला आनंद होईल, हे काही मी त्यांना सांगितले नाही.