न हललेला चेहरा

संकलनाच्या टेबलावर सगळ्यात आधी शिकायला मिळते ती रिअ‍ॅक्शन. दार उघडलं, आत प्रेत दिसलं, की पाहणाऱ्याचा चेहरा लावायचा. प्रेक्षक घाबरतो तो बहुतेक वेळा त्या चेहऱ्याकडे बघूनच.

म्हणून श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मधला (२०१८) पियानोचा प्रसंग मी पुन्हापुन्हा लावून बघते. पुण्यातला आकाश चांगला डोळस आहे. संगीतात मन एकाग्र व्हावं म्हणून आंधळ्याचं सोंग घेऊन वावरतो. सिमी नावाच्या बाईच्या घरी वाजवताना त्याला जमिनीवर तिच्या नवऱ्याचं प्रेत दिसतं. बाथरूममध्ये जातो, तर तिथे पिस्तूल घेतलेला माणूस उभा. परत येऊन तो पुन्हा वाजवायला बसतो. इकडे प्रेत सुटकेसमध्ये कोंबलं जातंय, रक्त पुसलं जातंय, कुणी अवाक्षर काढत नाही. आयुष्मान खुरानाचा चेहरा हलत नाही. हलला तर मेला.

चित्रपटाच्या संकलक पूजा लाढा सुरती यांचं धाडस मला इथे दिसतं. (त्या पटकथेच्याही सहलेखिका आहेत, हे इथे जाणवतं.) रिअ‍ॅक्शनच नाही, तर कट मारायचा कशावर? त्यांनी तो सुरांच्या हवाली केला. पियानो वाजत राहतो आणि त्याच्या आधाराने चित्र घरभर फिरतं. आकाशला दचकता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण दचकतो. तेवढ्यात आपण त्याच्या खोटेपणात सामील झालेले असतो. पुढे तो पैशासाठी सौदे करतो, सिमीच्या अपहरणात हात घालतो, तरी त्याचा हात आपल्याला सोडवत नाही.

मागे एका मालिकेत खून लपवणाऱ्या नायकाचा प्रसंग माझ्याकडे होता. तो मनाने चांगला आहे हे कळावं म्हणून मी त्याच्या पश्चात्तापाचे चार क्लोजअप पेरले. प्रसंग जागीच विझला. ते चारही काढून हातांचा एकच लांब शॉट ठेवायला हवा होता. नायकाला माफ करायचं की नाही, हे मीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

‘अंधाधुन’ ते ठरवत नाही. शेवटी युरोपात, अजूनही आंधळा म्हणून वावरणारा आकाश आपल्या जुन्या मैत्रिणीला, सोफीला, सगळी हकीकत सांगतो, तिचा निरोप घेतो, आणि वाटेतला रिकामा डबा काठीने अचूक उडवतो. ते बघायला तिथे सोफी नसते.