घरजावई

या, ओळख करून देतो. हा सायलेन्सरचा स्टड. मुक्काम मोटरसायकलच्या इंजिनाच्या तोंडाशी, जिथे सायलेन्सरचा पाइप हेडला बसतो तिथे. उंची बोटाच्या दीड-दोन पेरांएवढी, दोन्ही टोकांना आटे. स्वतः पोलादाचा, पण राहतो अॅल्युमिनियमच्या घरात. बेलवलीतल्या आमच्या गॅरेजात मी त्याला घरजावई म्हणतो.

सासर त्याला फार मानवतं. इंजिन तापतं, निवतं. पुढचं चाक चिखलपाणी उडवतं ते नेमकं याच्या अंगावर. दोन जातीचे धातू आणि मध्ये ओल, मग गंज धरायला वेळ लागत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, आट्यांमधली फट भरून टाकतो. झालं, जावई उठायचं नाव घेत नाही. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, त्याच उल्हास नदीच्या पुराने आमच्या बदलापूर पश्चिमेच्या गाड्याही बुडवल्या. ऑइल बदललं, प्लग पुसले, गाड्या सुरू झाल्या. स्टडने मात्र ते पाणी पोटात ठेवलं.

मानपानाचा मोठा भोक्ता. त्याच्या डोक्यावरच्या नटाला नेमक्या मापाचा रिंग पाना लागतो, सहाही कोपरे सन्मानाने धरणारा. उघड्या तोंडाचा ढिला पाना लावलात की कोपरे गोल झालेच.

तो बोलतो, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. पाना फिरवताना ‘कर्र’ आवाज आला तर खुशाल पुढे जा, गंज सुटतोय. पण आवाज न करता, रबरासारखा मऊ मऊ फिरू लागला तर तिथेच हात थांबवा. तो सुटत नाही, कमरेत पिळला जातोय. आणखी पाव फेरा, की तुटला.

ताकदीला तो बधत नाही, आर्जवाला बधतो. आदल्या संध्याकाळी डब्ल्यूडी-४० मारून ठेवावं, रात्रभर मुरू द्यावं. सकाळी टोकावर हातोडीच्या हलक्या टिचक्या. मग आधी केसभर आवळायचा आणि नंतर सोडायचा. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्ये पुन्हा तेल. तरी नाहीच तर शेक. पेट्रोलची टाकी आधी उतरवायची, हे मी पोरांना दर वेळी सांगतो. शेक जावयाला नाही, घराला द्यायचा: अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे घरच सैल होतं. गरम आट्यांवर मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं. ही युक्ती मला सगळ्यांत आवडते.

घाईत मोडलाच, तर इझी-आउट बोलवावा लागतो. डाव्या आट्यांचा, निमुळता, भारी कडक गडी. सेंटर पंचने बरोबर मध्यावर खूण करायची, ड्रिल मारायचं आणि हा उलटा फिरवत आत घालायचा. पण कडक असतो तितकाच ठिसूळ. तो आत मोडला तर साधं ड्रिल त्याला चावतही नाही. चोराला धरायला गेलेला हवालदारच कोठडीत अडकतो. म्हणून मी वेल्डरकडे जातो. मोडक्या टोकावर नवा नट ठेवून मधल्या भोकातून वेल्डिंग भरायचं. पोलादाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, स्टडलाच धरतं. स्टड लालबुंद होतो, फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड तडकते. लाली गेली की पाना लावायचा.

परवा एक असाच निघाला. शेवटचे दोन आटे तर बोटांनी सुटले. जळून निळा-काळा झालेला, तरी कमरेतला पीळ तसाच. मी तो पत्र्याच्या डब्यात टाकला, भोकात टॅप फिरवून आटे साफ केले, नव्याला कॉपर ग्रीस फासलं आणि हाताने बसवू लागलो.